पस्तीस कसे आले?

पुरीच्या गोवर्धन पीठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांनी १९५३ साली नागपुरात विश्व पुनर्निर्माण संघ स्थापन केला. ‘वैदिक गणित’ या त्यांच्या पुस्तकाची कहाणीही नागपूरशी जोडलेली आहे. त्यांच्या शिष्या मंजुळा त्रिवेदी यांनी ती ग्रंथाच्या आरंभी सांगितली आहे. सोळा सूत्रांवरचे सोळा खंड लिहून झाले होते, पण नागपुरात ज्या शिष्याकडे ते ठेवले होते, तिथून ते नाहीसे झाले. मग १९५७ साली, दृष्टी अधू झालेली असताना, स्वामींनी आठवणीतून एक खंड पुन्हा लिहिला. तो छापून आला १९६५ साली, त्यांच्या निधनानंतर. ही सूत्रं अथर्ववेदाच्या उपलब्ध परिशिष्टांत सापडत नाहीत, हे ग्रंथाचे संपादक वासुदेवशरण अग्रवाल यांनीच नोंदवलं आहे. माझ्या लेखी वेदांचा मुद्दा तिथेच संपतो. पण एकाच आकडेमोडीच्या किती वाटा असू शकतात, हे ते पुस्तक पानोपानी दाखवतं, आणि त्यासाठी मला ते मोलाचं वाटतं.

हजारातून ३५७ वजा करायचे आहेत. शाळेच्या रीतीत तीन शून्यं ओलांडून हातचा आणावा लागतो. स्वामींच्या रीतीत शेवटचा अंक दहातून आणि बाकीचे नवातून वजा करायचे: सहा, चार, तीन. नागपूरच्या इतवारीतल्या किराणा ओळीत गल्ल्यावर बसलेला माणूस तर वजाबाकी करतच नाही. तो तीन रुपयांची चिल्लर ठेवून ‘तीनशे साठ’ म्हणतो, चाळीस ठेवून ‘चारशे’, आणि वर सहाशे मोजून देतो. तिघांचं उत्तर ६४३. कागदावर तिघांत काही फरक दिसणार नाही, डोक्यात मात्र तीन वेगळी कामं झाली.

माणसागणिक विचाराची वाट बदलते, हे मानसशास्त्राला फार लवकर दिसलं होतं. फ्रान्सच्या आल्फ्रेड बिने यांनी १८९४ साली तोंडी हिशेब करणाऱ्या विलक्षण माणसांवर पुस्तक लिहिलं. त्यातला जाक इनोदी लहानपणी मेंढ्या राखायचा. त्याला आकडे ऐकू येत; तो ते मनात पुटपुटत हिशेब करी. दिआमांदी नावाच्या दुसऱ्याला तेच आकडे डोळ्यांपुढे लिहिलेले दिसत. दोघांची उत्तरं बरोबर, पण एकाचं काम कानाचं, दुसऱ्याचं डोळ्यांचं. बिने यांनी ते बारकाईने टिपलं. आणि १९०५ साली त्याच बिने यांनी थिओदोर सिमों यांच्यासह बुद्धिमापनाची चाचणी तयार केली. शाळेत मागे पडणारी मुलं वेळेवर ओळखता यावीत, हा हेतू चांगलाच होता. पण पुढे जगभर पसरला तो चाचणीचा आकडा. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी ती कन्नड आणि मराठी मुलांसाठी बेतली, १९४० साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलं, आणि बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे. मूल किती पुढे किंवा मागे आहे, ते या आकड्यातून कळतं. इनोदीचा कान आणि दिआमांदीचे डोळे त्यात मावत नाहीत.

आकड्यांची सरासरी काढू लागलं की घोळ आणखी वाढतो. १९७२ साली ग्रोन आणि पार्कमन यांनी पहिलीच्या मुलांच्या बेरजेचं एक प्रतिमान मांडलं. प्रतिमान म्हणजे डोक्यात काय घडत असेल याची पायरीपायरीने केलेली, खोटी ठरू शकेल अशी मांडणी. तीन अधिक पाच करताना मूल पाचापासून सुरुवात करून पुढे तीन मोजतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे लहान संख्या जितकी मोठी, तितका वेळ जास्त. मुलांच्या सरासरी वेळांशी हे छान जुळलं. पुढच्याच वर्षी ॲलन न्यूएल यांनी मानसशास्त्रज्ञांना बजावलं की एकच माणूस एकच काम अनेक रीतींनी करू शकतो, तेव्हा वेगवेगळ्या रीतींची सरासरी कधीही काढू नका. त्याचा पुरावा १९८७ साली रॉबर्ट सिग्लर यांनी दिला. प्रत्येक बेरजेनंतर त्यांनी मुलालाच विचारलं, ‘हे कसं केलंस?’ कुणी एकापासून मोजलं होतं, कुणाला उत्तर पाठ होतं, कुणी संख्या फोडली होती, कुणी अंदाज ठोकला होता. एकच मूलही दर वेळी एकाच रीतीने जात नव्हतं. मोठ्या संख्येपासून पुढे मोजणं निम्म्याहूनही कमी वेळा घडलं होतं. सरासरीतून जे मूल उभं राहिलं होतं, तसं मूल वर्गात नव्हतंच.

वर्गात याचं काय करायचं, हे मला सर्वांत स्पष्ट दिसतं ते जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांच्या १९७८च्या कामात. चुकणारं मूल बहुतेक वेळा वेंधळं नसतं, ते एक चुकीची रीत इमानाने पाळत असतं, असं धरून त्यांनी वजाबाकीतल्या चुकांच्या रीतींचं प्रतिमान संगणकावर बांधलं. एक उदाहरण मी इथे जुळवतो. ५२ वजा २७, आणि दोन मुलांचं उत्तर ३५. पहिलं मूल प्रत्येक घरात लहान अंक मोठ्यातून वजा करतं: सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. दुसरं मूल दशक सुटा करतं, बारातून सात वजा करून पाच लिहितं, पण दशकाच्या घरातला एक कमी करायला विसरतं. दोघांनाही गुण शून्य, शेराही एकच, ‘हातच्याचा सराव करा’. तो दुसऱ्याला थोडाफार उपयोगी पडेल. पहिल्याला हातचा कशासाठी लागतो हेच ठाऊक नाही. सरावात ते आपली रीत आणखी पक्की करील. आता दोघांना ७१ वजा ३८ द्या. पहिल्याचं उत्तर ४७ येईल, दुसऱ्याचं ४३.

प्रतिमानाची किंमत मला इथे कळते. ते पुढचं चुकीचं उत्तर आधी सांगतं, आणि तसं आलं नाही तर स्वतः खोटं पडतं. ‘मूल गणितात कच्चं आहे’ हे विधान कधीच खोटं पडत नाही, म्हणून त्यातून शिकायलाही काही मिळत नाही. ब्राउन आणि बर्टन यांनी यातूनच ‘बग्गी’ नावाचा खेळ केला. संगणक चुकणाऱ्या मुलाची भूमिका घ्यायचा, आणि होऊ घातलेल्या शिक्षकांनी नवनवी उदाहरणं देऊन त्याची रीत हुडकायची. आपल्या अध्यापक विद्यालयांत असा एक तास असावा, असं मला मनापासून वाटतं.

अर्थात मुलं चुकीशीही एकनिष्ठ नसतात. आजची चूक उद्या दुसरीच होते. म्हणून १९८०मध्ये ब्राउन आणि कर्ट व्हॅनलेन यांनी प्रश्न बदलला: रीत अडली, समजा ज्याच्याकडून उसना घ्यायचा तिथेच शून्य निघालं, तर मूल त्या जागी कोणती डागडुजी करतं? त्यांनी प्रतिमान बांधलं ते या अडण्याचं. मोठ्यांच्याही रीती माणसागणिक बदलतात. मॅरिलिन फोर्ड यांनी १९९५ साली तर्काची कोडी सोडवणाऱ्यांना मोठ्याने विचार करायला लावलं, तेव्हा काहींनी आकृत्या काढल्या, तर काहींनी समीकरणासारखे शब्दांच्या जागी शब्द ठेवले.

२०२५ साली अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं, की कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत किचकट हिशेब तोंडी करणारी मुलं शाळेच्या पद्धतीच्या साध्या उदाहरणांत अडतात, आणि शाळेत शिकणारी मुलं बाजारातल्या हिशेबात. नागपूरच्या बाजारांत हातगाडीवर बसणारी मुलं याहून वेगळी असतील असं मानायला मला कारण दिसत नाही. ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या पाहणीत २००५पासून ग्रामीण भागात घरोघरी मुलांना हातच्याची वजाबाकी करायला देतात. कार्यकर्ता समोर बसलेला असतो, त्याच्या देखत मूल पेन्सिल चालवतं, म्हणजे रीत त्याच्या डोळ्यांसमोर घडत असते. नोंद होते ती पातळीची. एवढ्या मोठ्या पाहणीचं ते कामच आहे, आणि त्यामुळे देशाला आपल्या शाळांची खरी स्थिती कळली. पण वर्गातल्या शिक्षिकेला पातळीच्या पुढे जाता येतं, आणि त्यासाठी संगणकही लागत नाही. वजाबाकी निवडताना एककाच्या घरातल्या दोन अंकांत पाचाचा फरक नको, एवढं पाहायचं. दोनातून सात, तीनातून आठ, चारातून नऊ अशी जोडी आली, की वर सांगितलेल्या दोन्ही चुका तिथे एकच अंक लिहितात, आणि पस्तीस कुठून आले ते कळायला मार्ग राहत नाही.