क्लोरीन, गाळ आणि संमती

हिंगोली शहराला पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरणातून पाणी मिळते. धरणांच्या पाण्यात कुजलेली पाने, शेवाळ आणि वाहून आलेली माती यांतून उतरलेली सेंद्रिय द्रव्ये असतात, आणि जंतू मारण्यासाठी घातलेल्या क्लोरीनची त्यांच्याशी अभिक्रिया झाली की क्लोरोफॉर्मसारखी संयुगे तयार होतात. अशा संयुगांना निर्जंतुकीकरणाची उपउत्पादने म्हणतात. रॉटरडॅमच्या पाण्यासंबंधी योहानेस रूक यांनी ही गोष्ट १९७४ मध्ये दाखवून दिली. त्यातून उद्भवणारा पेच शंकाकार आणि समाधानकार यांच्या पुढील संवादात मांडला आहे.

शंकाकार : शुद्धीसाठी घातलेले द्रव्यच दूषणाला जन्म देत असेल, आणि असे पाणी वर्षानुवर्षे पिणाऱ्यांत मूत्राशयाच्या कर्करोगाचे प्रमाण काहीसे अधिक असल्याचे काही अभ्यासांत आढळले असेल, तर क्लोरीनची मात्रा घटवणे हाच विवेक नव्हे काय?

समाधानकार : तो धोका दीर्घ सेवनाचा आणि संभाव्यतेचा आहे, कॉलऱ्याला मात्र काही दिवस पुरतात. शिवाय जेथे नळाला काही दिवसांआड पाणी येते, तेथे मधल्या काळात वाहिनीत दाब राहत नाही आणि गळक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत शिरू शकते, म्हणून नळापर्यंत थोडा क्लोरीन शिल्लक उरावाच लागतो. आयएस १०५००:२०१२ या भारतीय मानकानुसार हा ‘अवशिष्ट मुक्त क्लोरीन’ लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा, आणि क्लोरोफॉर्मची कमाल मर्यादाही ०.२ मिलिग्रॅमच आहे.

शंकाकार : म्हणजे एकच आकडा एकाचा तळ आणि दुसऱ्याचे छत ठरतो, पण छत मोजतो कोण? गावोगावचा जलसुरक्षक नळीतील पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकतो आणि पाणी पिवळे झाले की क्लोरीन असल्याचे कळते, परंतु क्लोरोफॉर्म असा रंगाने ओळखता येत नाही, त्याला सुसज्ज प्रयोगशाळा लागते. न दिसणारा धोका लोकांच्या वतीने पत्करण्याचा अधिकार कोणाचा? ज्याला परवडते तो पाण्याचा जार विकत घेईल. उरलेल्यांच्या संमतीचे काय?

समाधानकार : जारासाठी आरओ यंत्रातून काढलेल्या पाण्यात क्लोरीन सहसा उरत नाही, त्यामुळे ते पुढे जारात दूषित झाले तर त्याला संरक्षण नसते. संमतीची शंका मात्र रास्त आहे. पण अतिसाराने आजारी पडणाऱ्या मुलाची संमतीही कोणी घेत नाही, म्हणून क्लोरीन न घालणे हीदेखील लादलेलीच निवड होय. पेच अटळ भासतो तो एका क्लोरीनकडेच पाहिल्यामुळे. उपउत्पादनाला दोन घटक लागतात, त्यांतील सेंद्रिय द्रव्य आधी काढता येते : गाळ बसवणाऱ्या तुरटीची मात्रा पाण्याचा गढूळपणा तपासून ठरवली, गाळणीचे थर वेळेवर धुतले आणि क्लोरीनचा मुख्य भाग गाळल्यानंतर घातला, तर जंतुनाशनात उणीव न येता उपउत्पादने घटतात.

शंकाकार : मग पेच सुटला म्हणावे काय?

समाधानकार : सुटला नाही, लहान झाला. उरलेला अंश लोकांना पत्करायला लावणे न्याय्य ठरते ते तो नियमित मोजून आकडा त्यांच्यासमोर ठेवला तरच. तुरटीत काटकसर करून त्याची भरपाई क्लोरीनने करणाऱ्या व्यवस्थेला मात्र जंतूंचे कारण पुढे करता येणार नाही, कारण तेथील वाढीव धोका जंतूंमुळे आलेला नसून न बसवलेल्या गाळामुळे आलेला असतो.