मन अणू की विभू?

डेस्कटॉपवरच्या प्रोग्रॅमचा एक कडक नियम आहे: खिडकीतले बटण, यादी, अक्षर, काहीही बदलायचे तर ते मेन थ्रेडनेच, म्हणजे कामांच्या मुख्य साखळीनेच, बदलायचे. फाइल वाचणे, नेटवरून माहिती आणणे, मोठी आकडेमोड ही कामे बॅकग्राउंड थ्रेडने करावीत आणि निकाल मेन थ्रेडच्या रांगेत ठेवावा. पडद्याला हात लावू नये. मेन थ्रेडच जड कामात गुंतला तर क्लिक रांगेत पडून राहतात आणि पाचेक सेकंदांनी विंडोज ती खिडकी प्रतिसाद देत नसल्याचे जाहीर करते. न्यायदर्शन वाचलेल्याला ही रचना ओळखीची वाटेल. इंद्रिये पाच, विषय समोर, तरी ज्ञाने एकदम होत नाहीत, एकामागून एक होतात. म्हणून मन नावाचे वेगळे साधन आहे आणि ते अणू, म्हणजे अतिसूक्ष्म, आहे, असे न्यायसूत्रांचे अनुमान. खाताना चव, वास, कुरकुर एकत्रच जाणवतात ना? तो वेगामुळे होणारा भास, फिरत्या कोलिताच्या वर्तुळासारखा, असे त्यांचे उत्तर. बॅकग्राउंडचीही सोय न्यायाच्या जोडीच्या वैशेषिक दर्शनाने केलेली आहे: झोपेतही श्वास चालू ठेवणारा जीवनपूर्वक प्रयत्न त्या दर्शनाच्या प्रशस्तपादांनी इच्छाद्वेषातून उपजणाऱ्या प्रयत्नाहून वेगळा धरला.

साम्य इतके जवळचे असूनही, माझ्या मते, प्रोग्रॅमिंगचा अनुभव नैयायिकांच्या निरीक्षणाला दुजोरा देतो, निष्कर्षाला नाही. आजच्या संगणकात अनेक कोअर असतात. बळ कमी म्हणून एकच थ्रेड पडदा सांभाळतो असे नव्हे. खरे कारण सन कंपनीतले ग्रॅहॅम हॅमिल्टन यांनी २००४ साली नेमके मांडले. माऊसच्या घटना ऑपरेटिंग सिस्टिमकडून वर येतात, प्रोग्रॅमचे हुकूम वरून खाली जातात. दोघे वाटेतली कुलपे उलट क्रमाने घेतात आणि एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकतात. रेल्वेचेच पाहा: सौंसर तालुक्यातल्या रामाकोन्यावरून जाणारा नागपूर-छिंदवाडा लोहमार्ग आधी नॅरोगेज होता, आता ब्रॉडगेज आहे. पण एकेरी मार्गावर समोरासमोरच्या दोन गाड्यांना एका टप्प्यात एकदम सोडत नाहीत, मग रूळ अरुंद असोत की रुंद. क्रमावरून रुंदी मोजता येत नाही. नैयायिकांनी नेमके तेच केले.

यावर नैयायिक म्हणेल, तो मेन थ्रेडच तुमचा अणू. पण थ्रेड हे द्रव्य नाही. तो क्षणात या कोअरवर, क्षणात त्या कोअरवर चालतो. तो एक क्रम आहे, आणि नैयायिकाला तर द्रव्य सिद्ध करायचे आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: यंत्रात जाणणारा कोणी नाही, मग त्याचा दाखला चेतनेला कसा लावायचा? यंत्राला जाणीव आहे असे इथे कोणी म्हणतच नाही. जिथे एकामागून एक, तिथे साधन अणू, एवढी व्याप्ती (अटळ साहचर्याचा नियम) तपासायची आहे, आणि न्यायाच्याच शिस्तीप्रमाणे व्यभिचाराचे, म्हणजे नियम मोडल्याचे, एक उदाहरण तिला खोडायला पुरते. मीमांसा दर्शनातले भाट्ट मीमांसक मन विभू, म्हणजे सर्वव्यापी, मानत. तसे असते तर सगळी ज्ञाने एकदम झाली असती, हा नैयायिकांचा त्यांच्यावरचा जुना आरोप आता टिकत नाही. अर्थात एवढ्याने मन विभू ठरत नाही. खिडकीचा नियम प्रोग्रॅमरने घातला. मनाचा कोणी घातला, हे मीमांसकांना सांगावेच लागेल, आणि तिथे त्यांना अदृष्टाचे, म्हणजे न दिसणाऱ्या कर्मसंस्काराचे, नाव घेऊन सुटू देऊ नये.