सोप्या वाटेवरची परीक्षा



गुरुबंधू-भगिनींनो, कोजागिरी झाली. दिवाळीच्या सुट्टीत आपली बरीच कुटुंबं फिरायला निघतील, इंदूरची काही मंडळी अमरकंटकलाही जातील. म्हणून आज एक प्रश्न घेऊ. माणूस सोबत्यांशी चांगलं कधी वागतो, वाट अवघड असताना की सोपी असताना?

सहज कुणीही म्हणेल, सोपी असताना. पोट भरलेलं, पाय दुखत नाहीत, मग भांडण कशाला? आम्हाला मात्र उलट वाटतं.

निसरड्या दगडावर सगळे आपोआप एकमेकांचा हात धरतात. घरात कुणाला दवाखान्यात भरती केलं, की वर्षानुवर्षं न बोललेले भाऊसुद्धा आळीपाळीने रात्री जागतात. संकट आपल्याला बांधून ठेवतं. त्यात आपली कमाई थोडीच असते. आपण कसे आहोत ते सपाट रस्त्यावर कळतं.

अमरकंटकचीच वाट बघा. मैकल पर्वतावर, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून थोडं वर, नर्मदाकुंडात मैयाचा उगम. तिथून कपिलधारा सहा-सात किलोमीटर. शरदात ही वाट म्हणजे नुसतं सुख. पाऊस थांबलेला, गाळ खाली बसून पाणी नितळ झालेलं, सालाचं जंगल धुऊन निघालेलं. दम लागेल असा चढ नाही. शेवटी सुमारे 100 फुटांवरून धार कोसळते, आणि अजून किलोमीटरभर खाली उतरलं की दूधधारा.

अशा वाटेवर आपल्या मंडळींचं काय होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. निघताना वीस-पंचवीस जण एकत्र, जयजयकार करत. अर्ध्या तासात तरुण पोरं दिसेनाशी होतात. मधले फोटोत रमतात. सगळ्यात मागे गुडघेदुखीच्या मावशी, आणि त्यांच्यासोबत पाण्याची पिशवी धरलेलं कुणी एक. कुणी वाईट नसतं. ठरवून कुणी कुणाला सोडलेलं नसतं. वाट सोपी आहे, "येतील हळूहळू" एवढंच.

पुढचे थांबतातही. पण मावशी धापा टाकत पोचल्या रे पोचल्या, की बसलेले उठतात, "चला, निघूया!" म्हणजे ज्याला विश्रांती हवी होती, नेमकी त्यालाच ती मिळत नाही. मग मावशी म्हणतात, "तुम्ही व्हा पुढे, मी इथेच बसते." हे वाक्य ओळखीचं वाटतंय ना? घरात आजी जेवणाच्या टेबलावरून लवकर उठते, तेव्हा ती न बोलता हेच म्हणत असते.

कुणी विचारेल, मग पोरांनी धबधबा बघायचाच नाही का? का नाही? जरूर बघावा. उलट आपल्यामुळे सगळे अडकले, हे ओझं मावशींनाही नको असतं. पण "पुढे व्हा" हे मनापासून म्हटलंय की मन मारून, एवढं थांबून विचारायला हवं. तो निर्णय मावशींचा असावा, आपल्या वेगाने त्यांच्यावर लादलेला नसावा.

मैयाची परिक्रमाही हेच शिकवते. परिक्रमावासी तिला कायम उजव्या हाताला ठेवतात आणि पात्र ओलांडत नाहीत. खाली भडोचला पात्र एवढं रुंद आहे, की चालत ओलांडायचा मोह होणारच नाही. अमरकंटकला मात्र उगमाजवळची धार पोरगंसुद्धा उडी मारून पार करेल. बघणारंही कुणी नसतं. तरी परिक्रमावासी उगमाला वळसा घालूनच दुसऱ्या तीरावर येतात. 1,312 किलोमीटरच्या नदीचा नियम मोडायला सगळ्यात सोपी जागा ती हीच. म्हणून तो पाळण्याची खरी किंमतही इथेच.

आपलं रोजचं जगणं बहुतेक सपाटच असतं. पगार वेळेवर येतो, मुलं शाळेत जातात, सगळं ठीक चाललेलं असतं. याच दिवसांत कुणीतरी मागे पडतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

तेव्हा या सुट्टीत घरच्या सगळ्यांनी मिळून एक छोटा नियम करूया. सहलीत सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढे. वेग त्याचा. तो बसला की सगळे बसतील, आणि उठायचं कधी ते तोच सांगेल. कपिलधारा अर्धा तास उशिरा दिसेल. ती कुठे जात नाही.

आणि सुट्टी संपल्यावर हाच नियम घरी चालतो का, ते जरूर बघा.

॥ शुभं भवतु ॥