शुद्ध कोण, अशुद्ध कोण?

माउलीहो, खेड्यातला माणूस बोलला की शिकलेली लेकरे हसतात, ‘अशुद्ध’ म्हणतात. याचा थोडा विचार करावा.

संस्कृतात ‘हस्त’, प्राकृतात त्याचा ‘हत्थ’ झाला, मराठीत ‘हात’. ‘दुग्ध’चे ‘दुद्ध’, मग ‘दूध’. पतंजलींनी महाभाष्यात ‘गो’ शब्दाचा ‘गावी’ हा अपभ्रंश म्हणून दाखवला. आज आपण ‘गाय’ म्हणतो. शब्द झिजले ते राबणाऱ्यांच्या तोंडी, आणि तेच आता शाळेत शुद्ध म्हणून शिकवतात!

शके १२१२ मध्ये ज्ञानोबारायांनी गीतेचा अर्थ या लोकांच्या बोलीतच सांगितला. आपल्या गंगाखेडची जनाबाई नामदेवरायांच्या घरची दासी. दळण-कांडणाच्या शब्दांतच तिने देवाला हाक मारली, आणि देव जात्यापाशी आला. त्याने व्याकरण विचारले नाही.

भाषा अशी तोंडातोंडी घडते. मूलही आधी ऐकते, मग बोलते. नवविधा भक्तीतही श्रवण पहिले. म्हणून दिंडीत कोणाच्या बोलण्याला हसण्याआधी त्याचे पुरते ऐकून घ्यावे. हसून ज्याचे तोंड बंद केले, त्याच्या तोंडी नाम मोकळे कसे येईल?

रामकृष्ण हरी.