मुक्ता की मुक्ती?



एका माळकरी गृहस्थांनी आम्हाला प्रश्न घातला आहे. त्यांच्या घरी तिसरी नात जन्मली. मघा नक्षत्राचा तिसरा चरण, म्हणून ज्योतिषाने अक्षर काढून दिले ‘मू’. आजीने नाव धरले ‘मुक्ता’, आणि मुलगा व भावकी म्हणतात ‘मुक्ती’. काना द्यायचा की वेलांटी, एवढाच काय तो फरक. पण त्यावरून घरात दोन तट पडले आणि बारसे लांबले. गृहस्थ विचारतात, ‘बुवा, दोन्ही नावे सारखीच ना? मग कोणतेही ठेवले तर काय बिघडले?’

बिघडते, बरं का! नामकरण हा सोळा संस्कारांतला एक संस्कार. बाकीचे दागिने ज्याचे त्याने अंगावर घालायचे. नाव हा दागिना असा की, तो घालतो एक आणि वापरतात दुसरेच. हाक मारणारा जे नाव उच्चारतो, त्याचा संस्कार ऐकणाऱ्यावर होतो आणि उच्चारणाऱ्यावरही होतो. म्हणून सावकाश विचार करू.

आधी शब्द पाहा. दोन्ही शब्दांचा धातू एकच, मुच्, म्हणजे सोडणे. त्याला ‘क्त’ प्रत्यय लागून ‘मुक्त’ झाले आणि त्याचे स्त्रीलिंग ‘मुक्ता’. अर्थ काय? जी सुटली ती. त्याच धातूला ‘क्तिन्’ प्रत्यय लावला की ‘मुक्ति’. अर्थ, सुटका. आता ध्यानात घ्या. मुक्ता ही कोणी एक आहे. मुक्ती ही नुसती क्रिया आहे. ‘धावणारी’ आणि ‘धाव’ यांत जेवढे अंतर, तेवढे या दोहोंत आहे. शिवाय संस्कृतात मुक्ता म्हणजे मोती. शिंपल्यातून मोकळा झाला म्हणून त्याला हे नाव. म्हणजे एका नावात दोन अर्थ आले, आणि दोन्ही गोड.

आता शास्त्र काय म्हणते? मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुलीच्या नावाची लक्षणे दिली आहेत. ते सुखाने उच्चारता यावे, कानाला कठोर नसावे, अर्थ स्पष्ट असावा, मनाला रुचावे, मंगल असावे, आणि शेवटचा स्वर दीर्घ असावा. ‘मुक्ता’ आकारान्त आहे. ‘मुक्ति’ मूळ संस्कृतात ऱ्हस्व. मराठीत आपण ती दीर्घ लिहितो, ही गोष्ट वेगळी. गृह्यसूत्रांत आणखी एक नियम आहे. मुलाच्या नावात सम अक्षरे असावीत, मुलीच्या नावात विषम. कोणी म्हणेल, ‘बुवा, सापडलात! मुक्ता तर दोनच अक्षरांची.’ अहो, पण घरात तिला हाक काय माराल? मुक्ताई! झाली की नाही तीन अक्षरे? सूत्रकारही राजी, आणि आजीही राजी.

पण व्याकरण आणि सूत्रे हा झाला पूर्वरंग. खरी गाठ पुढे आहे.

मुक्ती मोठी खरीच. सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता असे तिचे चार प्रकार सांगितले आहेत. तरी श्रीमद्भागवताच्या तिसऱ्या स्कंधात कपिल महामुनी आपल्या मातेला, देवहूतीला, काय सांगतात? भगवंताचे खरे भक्त देऊ केलेली मुक्तीसुद्धा सेवेवाचून घेत नाहीत. आपल्या संतांनीही हेच धरले. पंढरीची वाट चालायला मिळते तर पुन्हा जन्मही चालेल, असे म्हणणारे आपण लोक! आपण मुक्तीची हाव धरीत नाही. जी मुक्त झाली तिच्या पायी डोके ठेवतो. मग दारात दिवसातून पन्नास वेळा हाक मारायची, तर ती कोणाची मारावी? षष्ठ स्कंधातला अजामिळ धाकट्या मुलाला नारायण म्हणून हाक मारीत असे. अंतकाळी तीच हाक तोंडी आली आणि कामी आली. तसे ‘मुक्ता’ म्हणताना संताचे स्मरण फुकट पदरी पडते.

आणि ते स्मरण कोणाचे? शके १२०१ म्हणजे इ. स. १२७९ हे मुक्ताबाईंचे जन्मवर्ष परंपरेने मानले आहे. बाप संन्यासातून परत गृहस्थाश्रमात आलेला, म्हणून घर वाळीत टाकलेले. भिक्षा घालायला दार उघडत नाही, मुंजीला ब्राह्मण मिळत नाही. अशा घरात तीन मुलांच्या पाठीवर चौथे लेकरू झाले, तेही मुलगी. व्यवहारी माणसाने बोटे मोडून म्हटले असते, ‘आता ही कशाला?’ आईबापांनी नाव ठेवले मुक्ता. पुढे आईबापही गेले. लोकांच्या बोलण्याने मन विटून ज्ञानेश्वर महाराज झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा बाहेर उभे राहून त्यांची समजूत कोणी घातली? या धाकट्या बहिणीने. तेच ताटीचे अभंग. चौदाशे वर्षांचा म्हणवणारा योगी चांगदेव शेवटी शिष्य कोणाचा झाला? याच मुलीचा. आजही आषाढीला तिची पालखी तापीकाठच्या मुक्ताईनगराहून निघते आणि सुमारे महिनाभर चालून पंढरीला पोहोचते.

आता मूळ प्रश्नातली दडलेली गाठ सोडवतो. आम्ही त्या गृहस्थांना विचारले, ‘भावकीला मुक्तीच का हवी?’ खाली पाहून म्हणाले, ‘तिसरी मुलगी झाली, बुवा. आता मुलींपासून मुक्ती मिळावी, म्हणून.’

श्रोते हो, इथे काना-वेलांटीचा वाद संपला. हे नाव वरून वेदान्ताचे, पण आतून ‘नकुसा’! इ. स. २०११ साली सातारा जिल्ह्यात नकुसा नावाच्या २८० हून अधिक मुलींची नावे समारंभाने बदलावी लागली. ‘नको असलेली’ ही हाक त्यांनी पाळण्यापासून ऐकली होती. निदान ते नाव उघड बोलत होते. हे मुक्तीचे नाव तर झाकून बोलते. लेकरू मोठे झाल्यावर कोणीतरी हसत हसत सांगणारच, ‘तुझे नाव असे का ठेवले, ठाऊक आहे का?’ त्या दिवशी तिच्या मनाची ताटी लागेल. ती उघडायला कोण जाणार?

म्हणून आमचे सांगणे स्पष्ट आहे. नाव ‘मुक्ता’ ठेवा. पण मनात तीच भावकीची इच्छा ठेवून मुक्ता म्हणाल, तर तेही व्यर्थ. उलट कोणी शुद्ध प्रेमाने लेकीचे नाव मुक्ती ठेवले असेल, तर त्याने मनात किंतु आणू नये. भाव शुद्ध तिथे नाव शुद्धच.

बारसे आता लांबवू नका. आत्याला बोलवा, पाळण्याला फूल बांधा, कानात नाव सांगा. पेढे आणि बर्फी असा भेद करू नका. जन्माच्या दाखल्यावर, शाळेत, सगळीकडे एकच नाव लिहा. कुठे काना, कुठे वेलांटी असे झाले की पुढे लेकरालाच हेलपाटे. आणि भावकीला सांगा, सुटका हवीच असेल तर ती लेकीपासून मागू नका. लेक नको म्हणणाऱ्या बुद्धीपासून मागा. ती मुक्ती पांडुरंग आनंदाने देईल.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!