अस्तर

कोल्हापुरात एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दोन जावा शेजारीशेजारी राहत. दोघींचे हॉल पश्चिमेला. मार्च लागला की दुपारी तीननंतर ऊन सरळ सोफ्यावर येऊन बसायचं.

सासूबाई गेल्यावर त्यांच्या ट्रंकेतून दोन नऊवारी इरकली निघाल्या. एक डाळिंबी, एक मोरपंखी. अंगात सूत, काठापदराला रेशीम. घरात नऊवारी नेसणारं कुणी उरलं नव्हतं. ट्रंकेत कुजवण्यापेक्षा हॉलला पडदे शिवू, असं दोघींनी ठरवलं. थोरलीने डाळिंबी घेतली, धाकटीने मोरपंखी.

नऊ वार म्हणजे 324 इंच. पन्हा 48 भरला आणि खिडकीही 4 फुटांचीच, म्हणजे दोन तुकडे लावले की दुप्पट रुंदी मिळून चुण्या छान पडणार होत्या. जमिनीपर्यंतची उंची 84. खाली दुमडायला 4 आणि वर रॉडसाठी 6 धरून एकेक तुकडा 94 इंचांचा. साडी आडवी कापली की काठ आपोआप पडद्याच्या दोन्ही कडांना उभे येतात, वेगळी किनार लावावी लागत नाही. पदराकडचा तुकडा दोघींनी तसाच घडी करून ठेवला.

धाकटीचे पडदे दिवाळीच्या आधीच लागले. आल्यागेल्याने कौतुक केलं, फोटो निघाले. थोरलीकडे मात्र अजून बादलीत मांजरपाट भिजत पडलं होतं.

“अक्का, जे दिसणारच नाही त्या कापडावर एवढे कष्ट?” धाकटी म्हणाली.

“दिसणार नाही म्हणून तर साधं आणलंय,” थोरली म्हणाली आणि पिळून वाळत घालायला गच्चीवर गेली.

कोरं मांजरपाट धुतल्यावर आटतं. न भिजवता साडीला जोडलं असतं तर पहिल्याच धुण्यात त्याने पडदा ओढून घेतला असता. थोरलीने अस्तर पडद्यापेक्षा इंचभर आखूड कापलं, वरच्या पट्टीत घट्ट टीप मारली, दोन्ही बाजूंना हातानेच सैल टाके घातले आणि खालची कड मोकळी सोडली. दोन कापडांचे स्वभाव वेगळे असले की खाली थोडी मोकळीक ठेवावी लागते, नाहीतर झोळ येतो. एवढं सगळं करून पडदा लागला तो कुणाच्या लक्षातही न येता. (रॉड थोरल्या भावाने बसवला होता. तो आजही अर्धा इंच तिरका आहे. त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.)

दुसरा उन्हाळा सरला तेव्हा धाकटीने पडदे धुवायला काढले. चुण्यांच्या बाहेरच्या कडा पांढुरक्या पडल्या होत्या, आत मात्र मूळ मोरपंखी तसाच. अख्ख्या पडद्यावर पट्टे दिसत होते. पिळताना काठाचं रेशीम हातात फाटलं. उन्हापुढे सुताआधी रेशीम हात टेकतं. खिडकी बंद ठेवून उपयोग नसतो, कारण रंग उडवणारे किरण काचेतूनही आत येतात.

ती तशीच ओला पडदा घेऊन शेजारी गेली. डाळिंबी पडदा होता तसा होता.

“अक्का, तुमच्याकडे ऊन येत नाही का?”

थोरलीने पडद्याची कड धरून तो उलटा केला. मागचं मांजरपाट पिवळं पडलं होतं, एके ठिकाणी विरलंही होतं.

“येतं की. पण ते साडीवर नाही पडत, याच्यावर पडतं. हे गेलं तर उसवून नवीन लावू. सासूबाईंची साडी कुठून आणणार?”

धाकटी काही बोलली नाही.

“पदराचा तुकडा आहे ना तुझ्याकडे? आण इकडे, मोजू.”

136 इंच भरला. जमिनीपर्यंतचे पडदे काही त्यात बसत नव्हते. थोरलीने टेप खिडकीला लावला. खिडकीच्या पट्टीच्या थोडं खालपर्यंतच पडदा घेतला तर उंची 56 पुरत होती, म्हणजे एकेक तुकडा 66 चा; दोन निघून वर चार इंच उरत होते. एका पडद्याच्या तळाला पदर येणार होता, दुसऱ्याच्या नाही.

“जोडी दिसणार नाही,” धाकटी म्हणाली.

“नसू दे.”

मांजरपाट आणायला या वेळी धाकटी स्वतः महाद्वार रोडला गेली. पडद्याला म्हटल्यावर दुकानदाराने छापील कापडाचे गठ्ठे काढले. तिने ते बाजूला सारले आणि दोन्ही घरांना पुरेल एवढं कोरं मांजरपाट फाडून घेतलं.