जंगल कुणाचे?

ठाणे शहराला लागून जंगल आहे, हे या शहराचे भाग्य. उपवन तलाव मागे टाकून येऊरच्या चढाला लागले की थोड्याच वेळात हॉर्नचे आवाज विरत जातात. साग, ऐन, पळस आणि मध्येच कारवीची दाटी. ही कारवी साधारण आठ वर्षांतून एकदा फुलते. सुट्टीच्या दिवशी कल्याण-डोंबिवलीहून पहाटेची लोकल धरूनही माणसे इथे येतात. आम्ही शहरातली माणसे तास-दोन तास चालतो, छातीभर हवा घेतो आणि घरी येऊन सांगतो, ‘आमच्या जंगलात जाऊन आलो.’

या ‘आमच्या’ शब्दापाशी जरा थांबायला हवे.

येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात विहार आणि तुळशी हे तलाव आहेत. त्यांचे पाणी मुंबई पिते. जो कधी जंगलात गेला नाही, त्याच्याही घशाखाली हे जंगल उतरते. तेव्हा शहराचा जंगलाशी काही संबंधच नाही, असे कोण म्हणेल?

पण येऊरमध्ये वारल्यांचे पाडेही आहेत. जांभूळपाडा, वणीचा पाडा ही त्यांतली नावे. आम्ही हौसेने चालतो त्या पायवाटा लाकूडफाट्यासाठी, पाण्यासाठी, बाजारासाठी जाणाऱ्या पायांनी पाडल्या आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर आदिवासी बायका ठाण्याच्या फुटपाथवर शेवळं आणि काकडं घेऊन बसतात. शेवळाची खाज काकडाने मोडते, हे त्यांना जंगलाने शिकवले, आम्हाला त्यांनी.

जंगलात राहणाऱ्यांवर इतिहासात अन्याय झाला, हे २००६च्या वनहक्क कायद्याने कबूल केले. तरीही जमिनीचा हक्क मागणाऱ्या आदिवासीला १३ डिसेंबर २००५पूर्वीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. फिरायला आलेल्याला मात्र कुणी कागद विचारत नाही. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याने आपण इथलेच असल्याचा पुरावा द्यायचा आणि तासाभरासाठी आलेल्याने बेलाशक ‘आमचे’ म्हणायचे! पुरावा मागितला जाण्याची बोच काय असते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

कुणी म्हणेल, जंगल वाचवायचे तर वस्ती वाढून कसे चालेल? प्रश्न खोटा नाही. बिबट्यालाही जागा हवीच. पण तो प्रश्न फक्त झोपडीला का विचारावा? रात्री कर्णा लावून मेजवान्या झोडणाऱ्यांना आणि झऱ्यात प्लास्टिकच्या बाटल्या टाकून जाणाऱ्यांनाही तो विचारायला हवा.

आम्हाला वाटते, जवळ राहिल्याने नाते जडते, मालकी जडत नाही. आम्ही जंगलाचे पाहुणे आहोत आणि जंगल आमच्याकडे अमानत आहे. पाहुण्याने यजमानाच्या अंगणातून अदबीने जावे, मागे कचरा ठेवू नये, शेवळाच्या जुडीसाठी घासाघीस करू नये. एवढे तर कुणालाही जमेल. याहून अवघड एक गोष्ट आहे. पाड्याच्या हक्काचा प्रश्न निघेल, तेव्हा साक्षीला उभे राहणे. रोज त्या वाटेने चालणाऱ्याइतका चांगला साक्षीदार दुसरा कोण मिळणार?